एका आवाजाच्या दोन गाड्या

पावसाळा सरला की चिंचमळ्यात कोणाला काही दिसत नाही. ऊस आधी माणसाच्या डोक्यावर जातो, मग गोठ्याच्या पत्र्यावर जातो, आणि वस्तीवरच्या घरातून रस्ता, कॅनॉल, शेजाऱ्याचे अंगण सगळेच नाहीसे होते. मग तोड होईपर्यंत माणसे कानाने जगतात. दुधाचा टेम्पो, जनावरांच्या डॉक्टरांची मोटारसायकल, बँकेच्या साहेबांची गाडी, प्रत्येकाचा आवाज ठरलेला असतो. चुलीपुढे बसलेली बाई भाकरीवरचा हात न थांबवता सांगते, की अमका आला आणि तमक्याच्या बांधावर थांबला. बहुधा ते खरे निघते.

या गावाच्या फाट्यावर, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, कुंडलिक रणवरेची पत्र्याची शेड आहे. शेडवर पाटी नाही. आत गाडीखाली उतरण्यासाठी खणलेला खड्डा आहे, गॅस वेल्डिंगच्या टाक्या आहेत आणि भिंतीवर वाकवलेल्या नळ्या टांगलेल्या आहेत. कुंडलिक फक्त सायलेन्सरचे काम करतो. इंजिनाला हात लावत नाही, टायरला लावत नाही. विसाव्या वर्षाच्या आत तो बारामतीत एका उस्तादाकडे राहिला. नळीत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडे बुजवायची, मग तापवून वाकवायची, म्हणजे वळणावर सुरकुती पडत नाही, हे तो तिथे शिकला. हल्ली नळी वाकवायची यंत्रे आली आहेत. कुंडलिकने यंत्र घेतले नाही. वाळूची बादली मात्र तो पावसाळ्यात झाकून ठेवतो.

त्याची बहुतेक कमाई ट्रॅक्टरवर. सायलेन्सर कुजला, फुटला, बांधाला घासून तुटला, की ट्रॅक्टर फाट्यावर येतो. कुंडलिक तुकडा कापतो, पत्रा जोडतो, टाका मारतो. मोठा आवाज काढून घेणारी गिऱ्हाईके म्हणजे कॉलेजची मुले. ती गोड बोलून येतात आणि बारामतीत पोलिसांनी पकडले की तोंड पाडून परत येतात. कुंडलिक दोन्ही वेळा काम करतो आणि काही बोलत नाही.

न बोलणे हा त्याचा स्वभाव नव्हता. तो त्याने ठरवून घेतलेला नियम होता. चिंचमळ्यात विकास सोसायटी आहे. पीककर्ज तिथून मिळते, खत तिथून मिळते, आणि दर पाच वर्षांनी तिच्या संचालकांची निवडणूक होते. गावात दोन पॅनेल आहेत. लग्नाच्या पंगतीत कोण कुठे बसतो, हेही त्यावरून ठरते. कुंडलिकचे वडील एका वर्षी एका पॅनेलच्या मोटारीतून सभेला गेले. नुसते बसून गेले, कारण रस्त्यात ऊन होते. ते पॅनेल पडले. त्या हंगामात त्यांच्या उसाची तोड सगळ्यांच्या मागून आली. तोवर उसाला तुरे फुटून तो आतून पोकळ झाला होता. ते मुद्दाम झाले की तोडणीवाल्या टोळ्याच कमी होत्या, हे कधी कळले नाही. वडिलांनी मात्र मरेपर्यंत ते मुद्दामच मानले. तेव्हापासून कुंडलिकने कोणाच्या गाडीत पाय ठेवला नाही, कोणाच्या सभेत टाळी वाजवली नाही. तीस वर्षांत त्याचे मत कोणाला, हे गावाला सांगता आले नव्हते. दोन्ही पॅनेलचे ट्रॅक्टर त्याच्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभे राहत. यामुळेच त्याचे दुकान चालत होते, आणि हे त्याला पक्के ठाऊक होते.

निवडणूक जाहीर झाली त्या आठवड्यात यशराज आला. हा शंभूराज अण्णांचा मुलगा. अण्णा द्राक्षबागायतदार, यंदा पहिल्यांदाच पॅनेलप्रमुख. घरची पांढरी स्कॉर्पिओ यशराजने थेट शेडमध्ये घातली.

"काका, आवाज पायजे."

"कसला?"

"असा, की कॅनॉलच्या पुलावर गाडी आली की गावानं म्हणलं पायजे, अण्णा निघालं."

"वडलांना विचारलंस का?"

"त्यांना सरप्राइज हाय."

"बारामतीत नेशील तर पोलीस सरप्राइज देत्याल तुला."

"बारामतीत आजीची अल्टो नेतो की!"

कुंडलिक खड्ड्यात उतरला. सायलेन्सरचा मधला डबा आवाज गिळण्यासाठी असतो. तो त्याने कापून काढला आणि त्या जागी सरळ नळी बसवली. शेवटच्या वळणासाठी त्याने वाळू भरून नळी वाकवली, कारण सवय होती. गाडी सुरू झाली तेव्हा पत्र्यावरची चिमणी उडाली. आवाज खोल होता, फाटका नव्हता. पायाखालच्या जमिनीतून वर यायचा. यशराजने कुंडलिकचा हात दोन्ही हातांत धरला. काढलेला डबा तो बरोबर घेऊन गेला आणि वाटेत भंगारवाल्याला देऊन टाकला.

पहिले काही दिवस गावाने कौतुक केले. म्हशींनी केले नाही. धारेच्या वेळी गाडी गेली की त्या पाय झाडत आणि पान्हा चोरत. तरीही शंभूराज अण्णांची गाडी निघाली की पोरे कॅनॉलकडे धावत, आणि अण्णांनाही वरवर रागावून आतून बरे वाटत होते.

मग गाव हिशेब करू लागले.

कुंडलिकची बायको अनिता सकाळी दूध घालायला डेअरीवर जात असे. तिथे बायकांची रांग असते आणि दूध मापून होईपर्यंत हाताला काम नसते.

"काल दिवे लागताना अण्णा ढाकेवस्तीवर गेलं हुतं," एक म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? गाडी पुलावरनं आली, आमच्या बांधावरनं वळली आन् ढाक्याच्या चिंचेखाली बंद झाली. आमची भाजी शिजून उतरली तवा परत चालू झाली."

"अगं बाई! ढाके तर तात्यांच्या पॅनेलचे!"

"हुते म्हण."

रामहरी तात्या हे दुसऱ्या पॅनेलचे प्रमुख, सत्तरीच्या घरातले, चार वेळा निवडून आलेले. बायका घरी पोचायच्या आत ही बातमी त्यांच्याकडे पोचली. दुपारी तात्यांचा पुतण्या ढाक्यांकडे जेवायला गेला आणि ढाके पुन्हा तात्यांचे झाले.

असे तीन घरांच्या बाबतीत झाले तेव्हा शंभूराज अण्णांच्या लक्षात आले. मत फोडायचे काम गुपचूप करायचे असते. आणि ते तर ढोल वाजवत फिरत होते. ते यशराजला शेजारी बसवून स्वतः गाडी घेऊन फाट्यावर आले.

"कुंडलिकराव, हे आधी बंद करा."

"डबा आणा, बसवतो."

"डबा कुठाय?" अण्णांनी मुलाकडे बघितले. यशराजने मोबाइलमध्ये बघितले.

नवा डबा पुण्याहून मागवावा लागणार होता. तोवर कुंडलिकने एका पिकअपचा लहान डबा लावून पाहिला. आवाज कमी झाला, पण गाडी बेडकासारखी डराव-डराव करू लागली, आणि असा आवाज तर आणखीच ओळखू येणारा. दुसऱ्या दिवशी अण्णा तो काढून घ्यायला आले. दोन दिवसांनी पुण्याचा डबा आला का, हे विचारायला आले. गाडी शेडसमोर उभी करून ते प्रत्येक वेळी बराच वेळ बसले, कारण घरी कार्यकर्त्यांची गर्दी होती आणि फाट्यावर लिंबाची सावली होती.

डबा आला नाही. मात्र अण्णांची गाडी एका आठवड्यात तीनदा कुंडलिक रणवरेच्या दारात थांबली, हे साऱ्या चिंचमळ्याने आपापल्या उसाआडून ऐकले.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. तात्यांच्या भावकीतला एक ट्रॅक्टर सायलेन्सर फुटून फटफट करत फाट्यावरून गेला. कुंडलिक उठून उभा राहिला. ट्रॅक्टरवाल्याने हात केला नाही. तो तसाच फटफटत लासुर्ण्याच्या गॅरेजकडे गेला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. शेडमधला तात्यांच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर काम अर्धवट असतानाच ओढून नेण्यात आला. न्यायला आलेला माणूस म्हणाला, "घाई न्हाय आबा, तुमी मीटिंगा उरका आधी."

"कसल्या मीटिंगा?"

"ते आमाला काय म्हाईत? आमाला काय बोलवल्यालं न्हाय."

अनिता ज्या बचत गटात होती, त्याची अध्यक्ष तात्यांची सून राजलक्ष्मी. गटाच्या बैठकीत अनिता सतरंजीवर बसली आणि तिच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळीच राहिली. राजलक्ष्मी हसून म्हणाली, "अनिताकाकू, तुमच्याकडं मोठी माणसं येत्यात हल्ली. आमच्यात बसवतंय का तुमाला?"

अनिता घरी आली ती तापूनच. "जाऊन सांगा तात्यांना, आमी कुणाच्यात न्हाय म्हणून."

"कसं सांगू? तात्यांच्या वाड्यावर गेलो, की अण्णांची माणसं म्हणणार, फुटला."

"मग अण्णांना सांगा, येऊ नका म्हणून."

"गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणू? त्यांचं काम अर्धं हाय माझ्याकडं."

"मग बसा त्या खड्ड्यात!" अनिता म्हणाली.

दुसऱ्या बाजूचा त्रास वेगळाच होता. अण्णांची माणसे रस्त्यात थांबून त्याच्या पाठीवर थाप मारू लागली. एकाने प्रचाराच्या पत्रकाचा नमुना दाखवला. खाली निमंत्रकांच्या यादीत त्याचे नाव घालायचे चालले होते. कुंडलिकने हात जोडले. तो माणूस डोळा मारून म्हणाला, "बरं बरं, उघड नको म्हणता. समजलं." कुंडलिकने नाही म्हटले की त्याचा अर्थ होय होत होता, आणि गप्प राहिला तरी तोच होत होता. वडिलांना एकदा ऊन लागले म्हणून ते मोटारीत बसले होते; त्याने तर तेवढेही केले नव्हते. तो फक्त आपल्या दुकानात होता.

गुरुवारी भर दुपारी रामहरी तात्या आले. आले ते कोणाला कळले नाही, कारण त्यांची गाडी काहीच आवाज करत नसे. तीही पांढरी स्कॉर्पिओ, त्याच साली घेतलेली; गावात एकाने घेतली म्हणून दुसऱ्याने घेतली होती. तात्या उतरले, टोपी काढून टोपीनेच मान पुसली आणि शेडमधल्या बाकावर बसले.

"कुंडलिक, माझ्या माणसांनी तुला त्रास दिला म्हणं."

"न्हाय तात्या. कामं कमी हायत, एवढंच."

"माझी पण कमी हायत." तात्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "काल मला माझाच चुलता विचारतोय, रामहरी, यंदा उभा हाईस का बसलाईस? म्हणलं, का? तर म्हणं, शंभूराज रोज दारोदार फिरतोय, आमी ऐकतोय की. तू कुठं हाईस? आरं, मी रोज त्याच्यापरीस चार घरं जास्त करतोय! पर माझी गाडी कुणाला ऐकूच येत न्हाय. गाव म्हणतंय तात्या थकलं."

कुंडलिकने हातातली नळी भिंतीला टांगली.

"मला पण आवाज करून दे. त्याच्यापरीस मोठा."

कुंडलिक खड्ड्यात उतरला. डोक्यावर तात्यांच्या गाडीचा डबा होता, अगदी तोच, तसाच चिखल लागलेला. हाताशी दोन नळ्या होत्या. जाड नळी लावली असती तर आवाज भरडा आणि मोठा झाला असता, तात्यांना हवा तसा. दुसरी नळी यशराजच्या गाडीला लावलेल्या नळीचाच उरलेला भाग होता. कुंडलिक खाली उभा राहून बराच वेळ दोन्हींकडे बघत होता. वर तात्या खोकले. मग त्याने उरलेल्या नळीत वाळू भरायला घेतली. वळण त्याने मोजून तेवढेच दिले आणि टाकाही त्याच जागी मारला. त्याचे हात इतके काळजीने कधी चालले नव्हते.

गाडी सुरू झाली. तात्यांनी कान दिला, गाडी बंद केली, पुन्हा सुरू केली.

"हा तर त्याचाच आवाज झाला."

"गाडी तीच, साल तेच, इंजन तेच. त्याच्यापरीस मोठा काढला तर फाटंल, तात्या. ट्रॅक्टरवानी वाजंल. तुमच्या मानाला शोभायचं न्हाय."

यातले अर्धेच खरे होते. तात्यांनी गाडी बंद केली. चार निवडणुका जिंकलेल्या माणसाला एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.

"म्हणजे कुणाच्या दारात कोण थांबलं, हे गावाला कळायचं न्हाय."

"न्हाय."

"हितं पण."

"हितं पण न्हाय."

"आन् शंभूराजला हे म्हाईत हाय?"

"तुमाला तरी कुठं मी सांगितलं?"

तात्यांनी टोपी घातली. गाडीत बसताना त्यांच्या मिशा हलल्या. ते हसले असावेत. त्यांनी गाडी मुद्दाम पुलावरून नेली, आणि यशराजच्या वयाच्या पोरासारखी नेली.

डेअरीवरच्या रांगेत दुसऱ्या दिवशी भांडण झाले.

"अण्णा रात पडायच्या आत आमच्या शेजारी येऊन गेलं."

"कसं यील? त्याच टायमाला अण्णा आमच्या पाटावर हुतं. मी सोता ऐकलं."

"तू ऐकलंस, मी काय कानात बोटं घालून बसले हुते?"

"मग दोन अण्णा झालं का?"

संध्याकाळपर्यंत गावाला कळले की गाड्या दोन आहेत, पण ते कळून उपयोग नव्हता. कोणती कुठे थांबली हे सांगायला बांधावर जाऊन बघावे लागले असते, आणि उसातून बांधावर पोचेपर्यंत गाडी निघून गेलेली असे. ढाक्यांकडे तर एका संध्याकाळी आवाज दोनदा येऊन थांबला. ढाके काहीच सांगेनात. उलट त्यांना ते आवडले होते. अशी घरे वाढत गेली. पूर्वी ज्यांच्या दारात एकच गाडी उघडपणे यायची, ती माणसे आता दोन्ही गाड्यांना चहा पाजत होती आणि उजळ माथ्याने फिरत होती.

यशराज फाट्यावर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "काका, तुमी आमचा आवाज दुसऱ्याला दिला!"

"आवाज काय सातबाऱ्यावर हुता का तुझ्या?"

"मी आणला हुता तो गावात!"

पाठोपाठ शंभूराज अण्णा आले. पुण्याहून डबा येऊन कोपऱ्यात पडला होता. अण्णांनी तो खोक्यासकट बघितला आणि म्हणाले, "राहू द्या. निवडणूक होऊ द्या, मग बसवा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुंडलिकराव, डोकं चालवलंत आमच्यासाठी. इसरणार न्हाय."

"मी कुणासाठी काय केलं न्हाय, अण्णा."

"व्हय व्हय. समजलं."

सोमवारी तात्यांच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर अर्ध्या सायलेन्सरने परत आला. ओढून नेणाऱ्यानेच तो आणला. मीटिंगचे नाव काढले नाही, फक्त बाकावर बसून विचारले, "आबा, आत्ता गेली ती गाडी कुणाची हुती?"

"मी खाली हुतो," कुंडलिक म्हणाला. "दिसलं न्हाय."

हे खरे होते. आणि ऐकूनही त्याला सांगता आले नसते, हेही खरे होते. ज्या कानांनी त्याने आयुष्यभर गाडी फाट्यावर यायच्या आत गिऱ्हाईक ओळखले, त्यांना आता आपल्याच हातची दोन कामे वेगळी करता येत नव्हती. याचे त्याला एक-दोनदा वाईट वाटले. मग तो पुढच्या टाक्याला लागला.

राजलक्ष्मीचे मन मात्र पूर्ण वळले नाही. अनिताच्या एका बाजूला आता बाई बसू लागली. दुसरी बाजू मोकळी राहिली ती राहिलीच.

मतदान शाळेत झाले. कुंडलिकच्या नावावर वीस गुंठे, अनिताच्या नावावर माहेरचे दहा, दोघेही सभासद. फाटकाबाहेर दोन्ही पॅनेलची टेबले होती. दोन्हीकडून हाक आली, दोन्हीकडच्यांनी त्याचा नंबर शोधून चिठ्ठी पुढे केली, आणि दोन्ही टेबलांवरची माणसे त्याच्याकडे आपला माणूस म्हणून बघत होती. त्याने दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या आणि आत गेला.

मोजणीत कोणाचेच पॅनेल सरळ आले नाही. संचालकांत तात्यांचे एकाने जास्त. मतपत्रिकांवर शिक्के असे काही वाटले गेले होते की मोजणाऱ्यांचीही दमछाक झाली. दोन्ही बाजूंनी फितुरांची नावे काढायचा प्रयत्न केला आणि दोन-तीन दिवसांत सोडून दिला. पुरावा म्हणून सांगावे, तर प्रत्येकाच्या दारात तोच आवाज थांबलेला.

पुढच्याच आठवड्यात इंदापुरात पोलिसांनी आधी तात्यांची गाडी धरली आणि तासाभराने शंभूराज अण्णांची. दंड भरून दोन्ही गाड्या फाट्यावर आल्या आणि एकामागे एक उभ्या राहिल्या. कुंडलिकने दोघांचे डबे बसवले. तात्यांचा डबा त्यांनी घरी जपून ठेवला होता. अण्णांना पुण्याचा लागला. जाताना तात्या हळूच म्हणाले, "तुझं मत कुठं पडलं, मला ठाऊक हाय कुंडलिक." आणि अण्णांनीही, आपली पाळी आल्यावर, जवळपास हेच म्हटले. दोघांना त्याने सारखीच मान डोलावली.

संध्याकाळी जेवताना बाहेरून एक गाडी गेली, निमूट, कोणाची ते कळले नाही. अनिताने भाकरी ताटात टाकली आणि तव्याकडे बघतच विचारले, "मला तरी सांगा आता. शिक्का कुणावर मारला?"

कुंडलिकने घास तोडला. "तू कुणावर मारला?"

"मी का सांगू?" अनिता म्हणाली, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.